मेसेज करणारा ग्राहक सॉफ्टवेअरला कसा कळतो?

सपोर्ट टीममधल्या एजंटच्या स्क्रीनवर व्हॉट्सॲपचा नवा मेसेज येतो. नावाच्या जागी ‘जय शिवराय’, खाली एक ओळ: ‘माझी ऑर्डर अजून आली नाही.’ ऑर्डर नंबर दिलेला नाही, ईमेलही नाही. तरी बहुतेक वेळा पुढच्या क्षणाला त्याच खिडकीत या ग्राहकाच्या मागच्या ऑर्डर, घरचा पत्ता, गेल्या दिवाळीत केलेली तक्रार असं सगळं उघडतं. प्रोफाइलचं नाव ज्याचं त्याने ठेवलेलं असतं. कोणी आडनावासकट लिहितं, कोणी नुसतं ‘आई’, कोणी फक्त टिंब देऊन मोकळं होतं. सॉफ्टवेअर त्यावर विसंबत नाही. त्याला ग्राहक कळतो तो मेसेजसोबत आलेल्या आयडीवरून. हा आयडी कोण देतं, तो किती काळ टिकतो आणि एका कंपनीला दिसलेला आयडी दुसरीलाही तसाच दिसतो का, याची उत्तरं गेल्या तीस वर्षांत अनेकदा बदलली आणि आता पुन्हा बदलू लागली आहेत.

सुरुवात फोनपासून झाली. कॉल करणाऱ्याचा नंबर उचलण्याआधीच दिसू लागल्यावर कॉल सेंटरांनी तो कॉम्प्युटरला जोडला. घंटी वाजतानाच ग्राहकाची नोंद समोर यायची. पण लँडलाइनचा नंबर घराचा असायचा, माणसाचा नाही. फोन वडिलांच्या नावावर, बोलणारी सून, तक्रार सासूबाईंच्या पॉलिसीची. म्हणून नाव, जन्मतारीख, पत्ता विचारून खात्री करण्याची पद्धत पडली. नंबर पुरेसा नाही हे तेव्हा सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पुढे मोबाइल आल्यावर त्याचा विसर पडला आणि बराचसा गोंधळ तिथून सुरू झाला, असं माझं मत आहे.

मग ईमेल आलं. १९९६ साली जेसी व्हिन्सेंट यांनी लिहिलेल्या ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ या तक्रारी नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रारीचा क्रमांक मेलच्या विषयात चौकटी कंसात घातला जाई. उत्तर आलं की तो क्रमांक वाचून ते योग्य तक्रारीला जोडलं जाई. तक्रार कळायची क्रमांकावरून आणि माणूस कळायचा मेलच्या पत्त्यावरून. २००७ मध्ये कोपनहेगनला सुरू झालेलं झेनडेस्क आणि २०१० मध्ये चेन्नईत सुरू झालेलं फ्रेशडेस्क यांच्या काळापर्यंत सपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये ‘युजर’ म्हणजे एक ईमेल हे समीकरण पक्कं झालं होतं. ते चुकीचं नव्हतं. ईमेल बहुधा एकाच माणसाचं असतं, सगळ्या कंपन्यांना तेच दिसतं, आणि ग्राहक ते तोंडी सांगू शकतो, कागदावर लिहून देऊ शकतो. यातली शेवटची सोय किती मोलाची होती, ते ती गेल्यावर कळलं.

आयसीक्यू १९९६ मध्ये आलं आणि त्याने प्रत्येकाला एक आकडी ओळख दिली. याहू मेसेंजर आणि एओएलने नावं दिली. सपोर्टच्या कामात ही ॲप्स फारशी रुजली नाहीत. रुजली ती वेबसाइटच्या कोपऱ्यातली चॅटची खिडकी. तिथे बोलणारा कोण, हे कुकीवरून, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवरून, ठरायचं. कुकी पुसली किंवा दुसऱ्या फोनवरून साइट उघडली की तोच माणूस नवखा व्हायचा. २०११ मध्ये सुरू झालेल्या इंटरकॉम या चॅट सॉफ्टवेअरने या नवख्यांना ‘लीड’ (होऊ घातलेले ग्राहक) आणि लॉगिन केलेल्यांना ‘युजर’ अशा दोन रांगांत बसवलं.

इथे एक मोठं भोक होतं. लॉगिन केलेल्या ग्राहकाचा ईमेल किंवा आयडी वेबसाइटच चॅटच्या खिडकीला कळवायची, आणि हे कळवणारा कोड ग्राहकाच्याच ब्राउझरमध्ये चालायचा. थोडंफार जाणणारा कोणीही ब्राउझरचं कन्सोल, म्हणजे कोड लिहून चालवायची खिडकी, उघडून तिथे दुसऱ्याचा ईमेल टाकू शकत होता, आणि मग त्या दुसऱ्याचं जुनं संभाषण त्याच्यापुढे उघडू शकत होतं. यावरचा उपाय साधा आणि चांगला होता. कंपनीच्या सर्व्हरने गुप्त किल्ली वापरून त्या आयडीची सही तयार करायची आणि ती आयडीसोबत पाठवायची. सही जुळली नाही तर चॅटने त्या माणसाला ओळखायचं नाही. ही सोय नंतर जवळपास सगळ्या सपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये आली. ती चालू करणं मात्र वेबसाइटवाल्यांच्या हातात असतं, आणि घाईत साइट उभी करताना नेमकी हीच पायरी राहून जाते.

खरं वळण आलं फेसबुकमुळे. २०१४ च्या एप्रिलपर्यंत फेसबुकवरच्या माणसाचा आयडी सगळ्या ॲप्सना सारखाच दिसायचा. त्यामुळे एका कंपनीची यादी आणि दुसरीची यादी शेजारी ठेवून एकाच माणसाविषयी दोघींकडे काय काय आहे, ते जुळवता यायचं. त्या वर्षी फेसबुकने ॲपनिहाय आयडी आणले. माणूस तोच, पण दर ॲपला त्याचा आयडी वेगळा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मेसेंजर कंपन्यांसाठी खुलं झालं तेव्हाही तोच धडा गिरवला गेला. तुम्ही एखाद्या पेजला मेसेज केला की त्या पेजपुरता तुमचा आयडी मिळतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पेजवर तो चालत नाही. इन्स्टाग्रामचे मेसेज २०२१ मध्ये सगळ्या व्यवसायांना सपोर्ट सॉफ्टवेअरमधून हाताळता येऊ लागले, तर त्यांचा आयडी आणखी निराळा.

ग्राहकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. सपोर्टच्या दृष्टीने मात्र ओळखीचा अर्थच बदलला. ईमेल ग्राहकाला माहीत असतं. पेजपुरता आयडी त्याला कधी दिसतच नाही, मग तो सांगणार कुठून? ईमेल सक्तीचं असलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे नवे ग्राहक बसवताना ॲप आणि सॉफ्टवेअर यांना जोडणाऱ्या काही प्रोग्रामनी खोटे ईमेल पत्ते तयार केले: आयडी, पुढे ॲटचं चिन्ह आणि एखादं काल्पनिक डोमेन. नोंद झाली, यादी भरली, आणि पुढे या पत्त्यांवर सणाच्या शुभेच्छांचे मेल जाऊन परत येऊ लागले.

आशियातल्या ॲप्सनी हाच मार्ग घेतला. जपानमधल्या लाइन या ॲपमध्ये युजरचा आयडी सेवा देणाऱ्या कंपनीनुसार बदलतो. चीनच्या वीचॅटमध्ये दर अधिकृत खात्यासाठी ‘ओपनआयडी’ वेगळा, आणि एकाच मालकाची खाती जोडायला वर ‘युनियनआयडी’. टेलिग्रामने २०१५ मध्ये बॉट, म्हणजे प्रोग्रामने चालणारी खाती, आणले तेव्हा वाट निराळी धरली. युजरचा आकडी आयडी सगळ्या बॉटना सारखाच दिसतो, पण फोन नंबर त्याने स्वतः बटण दाबून दिल्याशिवाय मिळत नाही, आणि युजरने सुरुवात केल्याशिवाय बॉट त्याला स्वतःहून मेसेज पाठवू शकत नाही.

टेलिग्रामच्या या आकड्याने पुढे अनेकांना घाम फोडला. आयडी ३२ बिटांच्या मर्यादेपलीकडे वाढले आणि ज्यांनी डेटाबेसमध्ये लहान आकड्याचा रकाना ठेवला होता त्यांच्याकडे नव्या ग्राहकांची नोंदच होईना. ट्विटरला हा अनुभव २०१० मध्येच आला होता. त्यांचे ट्वीटचे आयडी इतके मोठे झाले की वेबसाइटवर चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा शेवटचे आकडे गोल करून टाकायची. म्हणून तोच आयडी अक्षरांच्या रूपातही पाठवायला सुरुवात झाली. आयडी आकड्यासारखा दिसला तरी तो अक्षरं म्हणूनच साठवायचा, हा नियम या क्षेत्रातल्या नवशिक्याला मी सगळ्यात आधी सांगेन.

आणि मग व्हॉट्सॲप. २००९ पासून त्याची ओळख एकच, ती म्हणजे फोन नंबर. ऑगस्ट २०१८ मध्ये मोठ्या व्यवसायांना ते सपोर्ट सॉफ्टवेअरला जोडता येऊ लागलं, तेव्हा भारतातल्या कंपन्यांना केवढा दिलासा मिळाला! सगळ्यांच्या याद्यांमध्ये ग्राहकाचा मोबाइल आधीपासून होताच, तो जुळवला की काम झालं. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवता येत होता, त्यामुळे लोक एकच नंबर वर्षानुवर्षं जपत होते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारची कोरोना माहितीसेवा व्हॉट्सॲपवर आली, ती मुंबईच्या हॅप्टिक कंपनीने उभारली. २०२२ च्या सुरुवातीला मुंबई महापालिकेने नागरी सेवांसाठी व्हॉट्सॲप चॅटबॉट आणला. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी मेटा या व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या मालक कंपनीशी करार केला.

पण नंबर जुळवणं वाटतं तितकं सोपं नसतं. दुकानाच्या यादीत नंबर शून्याने सुरू होतो, वेबसाइटच्या यादीत +९१ लावून असतो, कोणी मधे जागा सोडलेली असते. आणि यादी एक्सेलमधून गेली असेल तर ९१ धरून बारा आकडी झालेला नंबर ‘९.१९ई+११’ असा दिसतो. तो तसाच सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केला की शेवटचे आकडे कायमचे जातात. बाहेरच्या देशांत आणखी गुंता. ब्राझीलमध्ये २०१२ पासून टप्प्याटप्प्याने मोबाइल नंबराला एक ९ जोडला गेला, पण त्याआधीच्या अनेक व्हॉट्सॲप खात्यांचा आयडी त्या ९ शिवायच राहिला. मेक्सिकोने डायल करताना ५२ नंतर लावायचा १ काढून टाकला, व्हॉट्सॲपच्या आयडीत मात्र तो उरला. ग्राहक एक नंबर सांगतो, मेसेज दुसऱ्या आयडीवरून येतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे नंबराचा मालक बदलतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. ९० दिवसांनंतर मात्र तो दिला जाऊ शकतो. नव्या मालकाने त्याच कंपनीला मेसेज केला तर सॉफ्टवेअर त्याला जुनाच ग्राहक समजतं आणि एजंट प्रेमाने विचारतो, ‘नाशिकच्या पत्त्यावरच पाठवायचं ना?’ व्हॉट्सॲपने यासाठी सोय केली आहे. ग्राहकाने ॲपमधून नंबर बदलला तर कंपनीला तशी सूचना मिळते, आणि खात्याची सुरक्षा किल्ली बदलली तर तेही कळू शकतं. पण ही सूचना वाचून एजंटला सावध करणारं सॉफ्टवेअर बसवलेल्या कंपन्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

शिवाय गावाकडे आणि वयस्कर मंडळींच्या बाबतीत लँडलाइनचाच काळ पुन्हा अवतरला आहे. मुलाच्या फोनवरून आई-वडिलांची, आत्याची, शेजारच्या काकांची तक्रार जाते. दाखला, पेन्शन किंवा विम्याचा प्रश्न असेल तर नंबर ओळखीचा आहे एवढ्यावर कागद पाठवणं धोक्याचं आहे. तिथे खातेदार कोण, हे पुन्हा विचारायलाच हवं.

या सगळ्यातून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हळूहळू एक रचना स्वीकारली: माणसाची नोंद वेगळी आणि त्याच्यापर्यंत पोचण्याचे पत्ते वेगळे. झेनडेस्कने २०१९ मध्ये मॉन्ट्रियलची स्मूच ही कंपनी घेतली, ती याच कामासाठी. तिच्या रचनेत एका युजरखाली अनेक ॲप्सची खाती लावता येतात. भारतीयांनी सुरू केलेल्या चॅटवूट या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही संपर्काची नोंद एक असते आणि प्रत्येक चॅनेलचा (व्हॉट्सॲप, ईमेल वगैरे) मूळ आयडी वेगळ्या तक्त्यात राहतो. दोन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या तर त्या जोडता येतात. पण हे जोडणं जपून करायला हवं. झेनडेस्कमध्ये एकदा जोडलेले युजर पुन्हा सुटे करता येत नाहीत. नाव सारखं म्हणून दोन ‘संजय पाटील’ एकत्र केले, तर एकाची तक्रार दुसऱ्याला वाचायला मिळते. प्रोफाइलच्या नावावरून किंवा फोटोवरून जोडणी कधीही करू नये. ग्राहकाला लॉगिन करायला लावावं, नाहीतर ओटीपी पाठवावा, आणि जोडणी कशाच्या आधारावर झाली ते नोंदीत लिहून ठेवावं.

आता फोन नंबरही मागे सरतो आहे. सिग्नल या मेसेजिंग ॲपने फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेम आणून नंबर न दाखवता बोलण्याची सोय केली. व्हॉट्सॲपही त्या वाटेवर आहे. युजरनेम घेणाऱ्यांचा नंबर कंपनीला दिसेलच असं नाही, म्हणून कंपनीपुरता वेगळा युजर आयडी देणार असल्याचं मेटाने २०२५ मध्ये व्यवसायांना कळवलं. फेसबुकने २०१४ मध्ये जे केलं तेच आता व्हॉट्सॲपवर येतं आहे. त्याच वेळी सरकारची दिशा उलट आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना सांगितलं की खात्याचं सिम फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावं. म्हणजे ॲप आणि सरकार यांच्यात नंबराचं नातं घट्ट होणार, आणि ग्राहक व कंपनी यांच्यातलं सैल.

ज्यांच्या सपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये आजही नंबर हीच मुख्य किल्ली आहे, त्यांनी कंपनीपुरत्या आयडीसाठी वेगळा रकाना आत्ताच ठेवावा, नंबराचा रकाना रिकामा चालेल असं करावं, आणि एकाच मेसेजसोबत नंबर व नवा आयडी दोन्ही येतील तेव्हा त्यांची जोडी लगेच नोंदवून ठेवावी. ग्राहकाने नंबर झाकल्यावर ती जोडी बसवायची तर त्यालाच विचारावं लागेल.