आधी आमदारकी, मग लग्न

जळगाव-भुसावळकडे पारावर गप्पा रंगल्या की प्रतिभाताई पाटलांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "नवऱ्यामुळे राजकारणात आल्या." हे खरं नाही, आणि आपल्याच खान्देशात ते बोललं जावं याचं मला वाईट वाटतं.

साल बघा. 1962 ला त्या जळगावातून आमदार झाल्या, तेव्हा वय अवघं 27. देवीसिंह शेखावतांशी लग्न झालं जुलै 1965 मध्ये, म्हणजे आमदारकीनंतर तीन वर्षांनी. देवीसिंह स्वतः आमदार झाले 1985 ला. तोवर ताई एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरातून, 1967 ते 1980 सलग चार वेळा निवडून आल्या होत्या. केळीच्या बागांमधल्या, तापी-पूर्णाकाठच्या या मतदारांनी मत दिलं ते नाडगावात जन्मलेल्या, एम. जे. कॉलेजात शिकलेल्या आपल्या लेकीला. सासर तर अमरावतीचं! 1979 मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी सांभाळलं.

गैरसमज बहुधा 1991 मुळे पसरला असावा. त्या वर्षी त्या अमरावतीहून, सासरच्या गावाहून, लोकसभेत गेल्या. पण त्याआधी राज्यसभेचं उपसभापतिपदही भूषवून झालं होतं. पुढे राजस्थानच्या राज्यपाल आणि 2007 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती.

आणि हो, आमदारकी-खासदारकीची एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत.