नोत्स्री: एका नावातले अक्षर

रोमन सुभेदार फेलिक्स याच्यासमोर कैसरिया येथे येशूचा प्रेषित पौल याच्यावर खटला चालला, तेव्हा फिर्यादी पक्षाचा वकील तिर्तुल्ल याने पौलाला ‘नाझोरायोस’ लोकांच्या, म्हणजे येशूच्या अनुयायांच्या, पंथाचा म्होरक्या म्हटले, असे बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात नोंदलेले आहे. येथे पंथासाठी आलेला ‘हैरेसिस’ हा ग्रीक शब्द महत्त्वाचा आहे, कारण परूशी, सदूकी आणि एसीन या ज्यू गटांसाठी इतिहासकार योसेफस हाच शब्द वापरतो. म्हणजे आरोप करणाऱ्यांच्या लेखी हा वेगळा धर्म नव्हता. ज्यू समाजातलाच एक उपद्रवी पंथ होता. ‘ख्रिस्ती’ हे नाव अंत्युखियात, ग्रीक बोलणाऱ्यांत रूढ झाले. हिब्रूने मात्र तिर्तुल्लाचाच शब्द धरून ठेवला, आणि आजही हिब्रूत ख्रिस्ती माणसाला ‘नोत्स्री’ म्हणतात.

हा शब्द येशूच्या नासरेथ गावावरून आला, असे सरळ उत्तर दिले जाते. पण अभ्यासकांना त्यात एक अडचण दिसत होती. हिब्रूतील ‘त्सादे’ हे अक्षर ग्रीकमध्ये जाताना बहुधा ‘स’ होते, जसे ‘त्सियोन’चे ‘सियोन’ झाले. नासरेथच्या ग्रीक रूपात मात्र ‘झ’ आहे. मग मूळ अक्षर ‘झ’ उच्चाराचे ‘झायिन’ तर नसेल? तसे असते तर नवस करून दारू आणि वस्तरा वर्ज्य करणाऱ्या ‘नाझीर’ व्रतस्थांशी या नावाचा संबंध जोडता आला असता. 1962 मध्ये कैसरियाच्याच उत्खननात संगमरवरी शिलालेखाचे तुकडे सापडले. याजकांच्या घराण्यांची गावे सांगणाऱ्या त्या यादीत नासरेथचे नाव ‘त्सादे’ने लिहिलेले आहे. नाझीर व्रतस्थांशी नाते जोडणारा तर्क त्यामुळे फारच लंगडा झाला.

‘त्सादे’ ठरल्यावरही अर्थाच्या दोन वाटा उरतात. ‘नेत्सेर’ म्हणजे धुमारा: दावीद राजाचा पिता इशाय याच्या मुळांतून तो फुटेल, असे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात म्हटले आहे, आणि येशूला ‘नाझोरायोस’ म्हणतील असे लिहिताना शुभवर्तमानकार मत्तयाच्या मनात हाच श्लेष असावा, असे अनेकांना वाटते. दुसरीकडे ‘नात्सार’ या धातूचा अर्थ राखणे, जपणे असा होतो. इराक-इराणमधील मंदाई लोक आपल्या ज्ञानी पुरोहितांना याच धातूशी जुळणाऱ्या ‘नासोराया’ नावाने ओळखतात. चौथ्या शतकातील बिशप एपिफानियस तर ख्रिस्तपूर्व काळातील ‘नासरायोई’ नावाच्या, पशुबळी नाकारणाऱ्या एका ज्यू पंथाची माहिती देतो आणि ‘नाझोरायोई’ ख्रिस्ती त्याहून वेगळे, असे बजावतो. त्याला पंथांच्या याद्या वाढवण्याची हौस होती, त्यामुळे एवढ्यावरून दोन पंथांचे नाते सांगणे मला धाडसाचे वाटते.

‘एव्योनिम’ या दुसऱ्या हिब्रू नावाबाबतही हीच सावधगिरी हवी. त्याचा अर्थ ‘दरिद्री’. येशूला मसीहा मानून मोशेचे नियमशास्त्रही पाळणाऱ्या, याच नावाच्या एबियोनी गटाचा उल्लेख सुमारे 180 मध्ये बिशप आयरेनियसने केला. पुढे ख्रिस्ती लेखक तर्तुल्यनाने ‘एबियोन’ नावाचा संस्थापकच मानला. वास्तविक मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या प्राचीन गुंडाळ्यांत, स्तोत्रांवरील एका भाष्यात, तिथला समुदाय स्वतःला ‘दरिद्र्यांची मंडळी’ म्हणवतो आणि तिथेही हाच शब्द आहे. पण देवापुढे दीन असणे हा भाव स्तोत्रांतूनच आलेला असल्याने दोन गटांनी तो स्वतंत्रपणे उचलणे सहज शक्य आहे.

तिसरे नाव ‘मिनिम’, म्हणजे पाखंडी. ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत त्यांच्याविरुद्ध एक परिच्छेद आहे. 1898 मध्ये अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी कैरोच्या गेनिझातील, म्हणजे सिनेगॉगमधील जुन्या लिखाणांच्या कोठीतील, जुने पाठ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात ‘नोत्स्रिम आणि मिनिम’ अशी जोडी आढळली. सगळ्याच ख्रिस्ती लोकांना हा शाप होता की ज्यू समाजात राहून येशूला मानणाऱ्यांना, हा वाद अजून चालू आहे. बायबलचा अनुवादक जेरोम याने बिशप ऑगस्टिनला लिहिलेल्या पत्रात अशाच लोकांविषयी म्हटले आहे, की त्यांना ज्यूही व्हायचे आहे आणि ख्रिस्तीही, पण ते धड दोन्हीही नाहीत.

ख्रिस्ती लोकांसाठीची अरबीतील ‘नसारा’ आणि केरळातील ‘नस्राणी’ ही ‘नोत्स्री’ याच नावाची भावंडे आहेत. इस्रायलमध्ये येशूला मानणारे आजचे ज्यू मात्र स्वतःला ‘नोत्स्री’ म्हणवून घेणे टाळतात. ते ‘मशिही’, म्हणजे मसीहाचे लोक, हे नाव लावतात.