सेशन एक्सपायरी : दोषशोध

वापरकर्ता काही काळ स्वस्थ राहिला की वेब सर्व्हरने त्याचे लॉगिन रद्द करणे म्हणजे सेशन एक्सपायरी. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला आधीची विनंती आठवत नाही. म्हणून सर्व्हर सेशनला, म्हणजे लॉगिनपासून चालू असलेल्या भेटीला, ओळखक्रमांक देतो आणि ब्राउझर तो कुकीतून, म्हणजे स्वतःकडे जपलेल्या छोट्या नोंदीतून, दर वेळी परत पाठवतो. टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये ही स्वस्थ राहण्याची मुदत मुळात ३० मिनिटांची, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटांची असते.

‘सेशन संपले’ हा संदेश पडद्यावर आला म्हणजे मुदत संपलीच असे नाही. सेशन सर्व्हरवर जिवंत असते आणि क्रमांक तेवढा पोहोचलेला नसतो, असे पुष्कळदा घडते. तक्रार येताच मुदत वाढवणे हा उपाय म्हणूनच चुकीचा आहे. शिवाय एकाच संगणकावर पाळीपाळीने माणसे बसतात तेथे तो घातकही ठरतो.

सेशन दर वेळी सारख्याच अंतराने तुटत असेल तर सेटिंग पाहावे. जावाच्या वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये मुदत मिनिटांत लिहितात, पण कोडमधून ठरवताना सेकंदांत. कोडमध्ये ३० लिहिले की अर्ध्या मिनिटात लॉगआउट. केव्हाही तुटत असेल तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्याच्या वेळा जुळवाव्यात. विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे अनेक सर्व्हर असून सेशन एकाच्याच मेमरीत असेल, तर दुसऱ्याकडे गेलेल्या विनंतीला ते सापडत नाही; तेथे सर्व सर्व्हरना वाचता येईल असा, रेडिससारखा सामाईक साठा लागतो.

सेशन आयपी पत्त्याशी, म्हणजे नेटवर्कवरून मिळणाऱ्या क्रमांकाशी, बांधण्याची पद्धत मुंबईत फार त्रासाची आहे. अंधेरीच्या सीप्झ या उद्योगवसाहतीतल्या ऑफिसात वायफायवर लॉगिन केलेला माणूस अंधेरीला लोकलमध्ये चढेपर्यंत मोबाइल डेटावर गेलेला असतो. पत्ता बदलतो, सेशन तुटते. टेबलावर बसून केलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही.

सर्वांत फसवा प्रकार पेमेंटचा. पैसे खात्यातून जातात, बँकेच्या पानावरून ग्राहक परततो आणि समोर लॉगिनचे पान! दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची की नाही, हे ‘सेमसाइट’ ही खूण ठरवते. क्रोमने २०२० पासून, ही खूण न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’, म्हणजे साध्या दुव्यावरून आल्यास जाणारी, मानायला सुरुवात केली. बँकेचे पान ग्राहकाला पोस्ट पद्धतीने, म्हणजे फॉर्म भरून पाठवल्यासारखे, परत पाठवत असेल तर अशी कुकी सोबत जात नाही. मात्र नुकतीच, दोन मिनिटांच्या आत दिलेली कुकी सवलतीने जाते. ओटीपी चटकन आला तर व्यवहार सुरळीत, उशिरा आला तर सेशन ‘संपलेले’, असा लहरी दोष त्यातूनच दिसतो. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतल्या नेटवर्क टॅबमध्ये परतीच्या विनंतीत कुकी आहे का, हे पाहिले की उलगडा होतो. त्या कुकीला ‘सेमसाइट नन’ (दुसऱ्या साइटवरूनही पाठवा) व ‘सिक्युअर’ (फक्त सुरक्षित जोडणीवर पाठवा) लावावे. किंवा, अधिक चांगले म्हणजे, परतीचे पान सेशनवर अवलंबून न ठेवता बँकेच्या उत्तराची डिजिटल सही तपासून ऑर्डर क्रमांकावरून व्यवहार नोंदवावा.