बंगालचे टोर्नेडो आणि वैशाखातली तिन्हीसांज

ढाक्यात बुढीगंगेच्या काठी अहसान मंझिल हा नवाबांचा गुलाबी वाडा आहे. त्याचा उंच घुमट मूळ बांधकामातला नव्हे. ७ एप्रिल १८८८ रोजी शहरावरून टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत सोंडेसारखा उतरणारा भोवऱ्यागत वारा, गेला, शंभरावर माणसं दगावली, वाड्याचा जनाना पार कोसळला. पुढे दुरुस्ती झाली तेव्हा हा घुमट चढला.

ती तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोलकात्याच्या पूर्वेला १८३८ मध्ये टोर्नेडो आला तो ८ एप्रिलला. ढाक्याजवळ डेमरा इथे १९६९ मध्ये, १४ एप्रिलला. टांगाइलला १९९६ मध्ये, १३ मेला. जलपाईगुडीच्या मयनागुडीत २०२४ मध्ये, ३१ मार्चला. म्हणजे चैत्र-वैशाख, आणि वेळ बहुधा दुपार कलल्यानंतरची.

याच दिवसांत तिथे कालबैशाखीची वादळं उठतात. आपल्या वळवाचीच ही दांडगी भावंडं. बंगालच्या उपसागरावरून दमट वारा जमिनीलगत आत शिरतो, त्याच्यावर छोटा नागपूरच्या पठाराकडून कोरडी, तापलेली हवा झाकणासारखी बसते. दिवसभराच्या उन्हाने ते झाकण फुटलं की ढग सुसाट वर चढतात. आणखी वर पश्चिमेचे जोरदार वारे असतातच. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग असे बदलले की ढगाला पीळ पडतो. बहुतेक वादळं गारा-पाऊस पाडून विरतात. एखाद्याचीच सोंड जमिनीला टेकते.

आपल्या बातम्यांत यालाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात, ते मला खटकतं. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, किनाऱ्याकडे यायला दिवस घेतं. टोर्नेडोचा पट्टा सहसा एक-दोन किलोमीटरपेक्षा रुंद नसतो आणि एखाद्या गावाचा निकाल काही मिनिटांत लागतो.

२६ एप्रिल १९८९ ची संध्याकाळ माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरियावर अशीच आली. मुलूख दुष्काळाने होरपळलेला होता, लोक पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून होते. त्या आभाळातून जे उतरलं त्यात सुमारे १,३०० माणसं गेली. जगात नोंदलेला हा सर्वांत प्राणघातक टोर्नेडो. अमेरिकेत वर्षाला हजारावर टोर्नेडो होतात, पण तिथल्या सर्वांत भीषण टोर्नेडोचे, १९२५ सालचे बळी ६९५. बंगालात वस्ती दाट, घरं कुडाची आणि पत्र्याची. सोसाट्यात सुटलेला पत्रा पात्यासारखा कापत जातो, आणि लपायला तळघर नसतं.

जूनमध्ये मान्सून स्थिरावतो, वरचे पश्चिमी वारे हिमालयापलीकडे सरकतात, आणि टोर्नेडोचे दिवस सरतात.