राजीनामा दिला की घेतला?

कागद दोन्हींचा सारखाच असतो. 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे', खाली तारीख आणि सही. बोलताना मात्र आपण क्रियापद बरोबर बदलतो: एकाने राजीनामा दिला, दुसऱ्याचा घेतला. हा फरक फाइलमध्ये उतरत नाही आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

दिलेल्या राजीनाम्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुसरीकडे नोकरी मिळाली, पगारवाढ मनासारखी झाली नाही, साहेबांशी पटेना. कारण काहीही असो, वेळ तुम्ही ठरवली, मजकूर तुम्ही लिहिला आणि ठरवलं असतं तर आणखी चार महिने थांबलाही असता. वैतागून दिलेला राजीनामाही दिलेलाच. जुन्या नोकरीवरचा राग खरा असला म्हणून त्याला 'काढलं' म्हणता येत नाही.

घेतलेल्या राजीनाम्यात एक बंद खोली असते. मला शुक्रवारी संध्याकाळी 'दोन मिनिटं येता का?' म्हणून बोलावलं. टेबलावर छापलेला कागद, त्यावर टोपण काढून ठेवलेलं पेन. सही केली तर अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल, नाही केली तर 'कामगिरी असमाधानकारक' असा शेरा. घरी विचारून सोमवारी सांगतो म्हटलं, तर उत्तर आलं, सोमवारी ही ऑफर नसेल. गंमत म्हणजे, मी स्वतः लिहिलेल्या त्या पत्रात माझं आडनाव चुकलं होतं. मी ते दाखवलं, त्यांनी तत्परतेने दुसरी प्रत काढून आणली आणि मी सही केली.

इतका खटाटोप कशासाठी? काढायचं म्हटलं की बहुतेक देशांत मालकाला काहीतरी द्यावं लागतं: कारण, नोटीस, भरपाई. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करार सांगतो की वैध कारणाशिवाय कामावरून कमी करू नये आणि वागणुकीचं किंवा कामगिरीचं कारण असेल तर आधी माणसाला बाजू मांडू द्यावी. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण तत्त्व ओळखीचं आहे. राजीनामा आला की यातलं बहुतेक टळतं. बेकारी भत्ता आहे अशा अनेक ठिकाणी 'स्वतःहून सोडली' या शेऱ्यावर तोही अडतो. शिवाय पारडं फिरतं: काढलं असतं तर कारण मालकाने दाखवायचं होतं, आता सही मनाविरुद्ध झाली हे तुम्ही सिद्ध करायचं.

खोली प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. कधी महिनोन् महिने असं वागवलं जातं की माणूस आपणच निघून जातो. जपानीत त्यासाठी 'ओइदाशिबेया' असा शब्दच आहे, म्हणजे हुसकून लावण्याची खोली: नको असलेल्या माणसाला तिथे बसवायचं, काम जवळपास द्यायचंच नाही. फ्रान्स टेलिकॉम या दूरध्वनी कंपनीला २२,००० माणसं कमी करायची होती, पण बरेचसे कर्मचारी सरकारी सेवकांच्या दर्जाचे, त्यांना सहज काढता येत नव्हतं. प्रमुख दिदिए लोंबार २००६ मध्ये म्हणाले होते, माणसं या ना त्या मार्गाने जातील, खिडकीतून किंवा दारातून. मग सक्तीच्या बदल्या, खालच्या दर्जाची कामं. खटल्यात ३९ जणांची प्रकरणं तपासली गेली. त्यातल्या १९ जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनी आणि लोंबार दोघांनाही छळाबद्दल दोषी ठरवलं. कंपनीला दंड ७५,००० युरो, म्हणजे तिच्या मानाने चिल्लर.

ब्रिटनच्या १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये अशा जाण्यालाही काढणंच मानलं जातं. त्याला 'कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल' म्हणतात. मात्र मालकाने करार मोडण्याइतकं काही केलेलं असावं लागतं. साहेब खडूस आहे एवढ्यावर भागत नाही. आणि सहन करत फार काळ राहिलात, तर ते तुम्हाला मान्य होतं असा अर्थ निघू शकतो. याचा मला राग येतो, कारण घरचे हप्ते कुणाला चुकलेत? पण नियम तसा आहे.

मधे एक धूसर पट्टा आहे. हातून खरंच चूक झाली, रीतसर चौकशीऐवजी राजीनाम्याचा पर्याय दिला, विचाराला वेळ दिला, रकमेची घासाघीस झाली. याला मी 'घेतलेला' म्हणणार नाही; तो सौदा आहे. धमकी होती का, इतकंच पाहून भागत नाही. विचार करायला रात्र मिळाली का, हेही विचारा.

म्हणून त्या खोलीत सही करू नका. कागद घरी नेऊन वाचतो म्हणा, नाही म्हणाले तर तेही लक्षात ठेवा. सही झालीच असेल तर त्याच दिवशी, स्वतःच्या मेलवरून, काय घडलं ते लिहून कळवा: किती वाजता, कोण होतं, काय म्हणाले. आठवड्याने लिहिलेलं पश्चात्तापासारखं वाचलं जातं.

मी दहा दिवसांनी वकिलाकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, चुकलेल्या आडनावाची ती पहिली प्रत कुठे आहे? ती माझ्या डोळ्यांदेखत फाडून टोपलीत गेली होती.