धुराडं नसलेल्या घरांची गल्ली: ऑस्ट्रियातल्या वाइन-तळघरांची पार्श्वभूमी

व्हिएन्नाच्या उत्तरेला, थेट चेक सीमेपर्यंत पसरलेल्या वाइनफिअर्टेल भागात गाव संपलं की पुढे आणखी एक गाव लागल्यासारखं वाटतं. रस्त्याच्या कडेने चुन्याने रंगवलेली बुटकी घरं, बहुतेकांना धुराडंच नाही. कारण तिथे चूल पेटत नाही, ती राहण्यासाठी बांधलेलीच नाहीत. ही केलरगासं, तळघरांची गल्ली. हाद्रेस गावची गल्ली तर सुमारे १.६ किलोमीटर लांब आहे. पाहुणे तिच्या देखणेपणावर खूश होऊन परततात, पण छोट्या शेतकऱ्याला हक्क कसे मिळत गेले, हे समजून घेतल्याशिवाय ती अर्धीच पाहिल्यासारखी होते.

सुरुवात मातीपासून करावी लागते. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली लोएस नावाची पिवळसर, बारीक माती इथे जाड थरांत साचली आहे. ती कुदळीने सहज खणता येते, आणि खणलेली भिंत ढासळत नाही. गावं मात्र ओढ्याकाठची, तिथे खोल खणलं की पाणी लागायचं. म्हणून तळघरं गावाबाहेरच्या चढावर गेली. आत बारा महिने साधारण १० ते १२ अंशांचा गारवा असतो.

तळघराच्या तोंडाशी असलेलं घर म्हणजे द्राक्षं गाळण्याची जागा. काही घरांच्या भिंतीत अजून झरोका दिसतो. चेचलेली द्राक्षं गाडीतून थेट तिथून आत ओतायची. आत अख्ख्या झाडाच्या खोडाची तुळई, तिच्या टोकाला लाकडी स्क्रू आणि स्क्रूला अडकवलेला जड दगड. त्या दगडाच्या भाराने रस गळायचा.

मध्ययुगात द्राक्षमळ्यांवर मठांचा आणि जमीनदारांचा वरचष्मा होता. पिकवणाऱ्याला उत्पन्नातला दशांश द्यावा लागे. १७८४ मध्ये सम्राट योसेफ दुसरा याने स्वतःच्या मळ्यातली वाइन स्वतः विकण्याची मुभा दिली. आजही वाइन मिळते हे सांगायला दाराशी हिरवी डहाळी टांगतात. पुढे १८४८ मध्ये वेठबिगारी आणि जमीनदारी बंधनं संपली. आज दिसणाऱ्या गल्ल्यांपैकी बऱ्याच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वाढल्या, हा मला योगायोग वाटत नाही.

मग संकटं आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेलीची मुळं पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केले, या किडीला तोंड देणाऱ्या अमेरिकन मुळांवर कलमं बांधून ते पुन्हा उभे राहिले. विसाव्या शतकात ट्रॅक्टर आणि स्टीलच्या टाक्या आल्या, वाइनचं काम शेतकऱ्याच्या घराच्या आवारात गेलं आणि तळघरं ओस पडली. १९८५ मध्ये काहींनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचं उघड झालं. निर्यात कोसळली, कायदा कडक झाला. प्रामाणिक उत्पादकांनाही त्याची झळ बसली.

आज काही घरांची छपरं खचली आहेत, तर काहींना मोठ्या खिडक्या पाडून सुट्टीची घरं केली आहेत. मला दुसरा प्रकार जास्त सलतो, कारण त्यात रांगच मोडते. पाहायला जायचं तर प्रशिक्षित स्थानिक मार्गदर्शक घेऊन जावं. तळघरं खासगी मालकीची आहेत, आणि गल्लीतून नुसतं चालत गेल्यास बहुतेक वेळा बंद दारंच दिसतात.