गेम मास्टर

गेम मास्टर : टेबलटॉप रोल-प्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ चालवणारी व्यक्ती. बाकीचे खेळाडू एकेका पात्राचे निर्णय घेतात. पात्रांभोवतीचे सगळे जग, म्हणजे शत्रू, गावकरी, हवामान, बंद दारामागची खोली, गेम मास्टरकडे असते. खेळाडूने ‘मी हे करतो’ म्हटले की पुढे काय घडले ते तो सांगतो, आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे पडतात. नियमपुस्तक कितीही जाड असले तरी खेळाडू त्यात नसलेले काहीतरी करणारच. त्यामुळे लिखित नियम कुठे संपतात आणि गेम मास्टरचा निवाडा कुठे सुरू होतो, यावरच या खेळांची तऱ्हा ठरते.

हा प्रश्न या खेळांहून जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्याने राइसविट्झ या अधिकाऱ्याचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी घेतला. नकाशावरच्या तुकड्यांचे नुकसान फासे आणि कोष्टकांवरून ठरे. पंच प्रत्येक पक्षाला त्याला दिसू शकेल तेवढेच सांगे. कोष्टके पाहण्यात खेळ रेंगाळू लागला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने ती बाजूला ठेवून अनुभवी पंचावर निकाल सोपवावा, असे मांडले.

१९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्लीने ‘ब्राउनस्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावात नेपोलियनच्या काळातला डाव मांडला आणि सेनापतींखेरीज गावातल्या प्रतिष्ठितांच्या भूमिकाही वाटल्या. लढाई राहिली बाजूला, खेळाडू आपसांत खलबते करू लागले. दोघांनी द्वंद्वयुद्धच ठरवले, ज्याचे नियमच नव्हते. वेस्लीने ते जागच्या जागी फासे टाकून निकालात काढले. त्याला डाव फसला असे वाटले, पण मंडळींनी पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. त्यांतल्याच डेव्ह आर्नेसनने पुढे ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक प्रदेशातला डाव चालवला, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्ससोबत त्याचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ प्रसिद्ध झाला.

नियमांमधला फरक एका प्रसंगावरून कळतो. चोराला कुलूप उघडायचे आहे, पहारेकरी कोपऱ्यापलीकडे आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गेम मास्टर गाठायचा आकडा १५ ठरवतो, समजा. वीस बाजूंच्या फाशावर ११ पडले, कौशल्याचे ३ मिळवले, १४ झाले : कुलूप बंदच. पण पुढे काय, याबाबत नियम फारसे बोलत नाहीत आणि नवख्या हातात डाव इथेच अडकतो. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने (२०१०) नेमकी हीच अडचण सोडवली. त्यात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. त्यांच्या बेरजेत पात्राच्या गुणाचा आकडा मिळवून १० किंवा अधिक झाले म्हणजे यश, ७ ते ९ म्हणजे किंमत मोजून यश, ६ किंवा कमी म्हणजे गेम मास्टर संकट पुढे आणतो. ८ आले तर कुलूप उघडते, पण खटका पहारेकऱ्याच्या कानी जातो. गेम मास्टर स्वतः फासे टाकतच नाही. जुन्या वळणाचे खेळणारे मात्र फाशाआधी विचारतात, ‘तार कशी घालतोस? तेल आहे का जवळ?’ उत्तर पटले तर फासा न टाकताच दार उघडते. २००८ मध्ये मॅट फिंचने या पद्धतीची छोटी पुस्तिका लिहिली, तिथून ‘नियम नव्हे, निवाडे’ हे सूत्र रूढ झाले.

डाव चालवण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. कोणी कथानक आधीच आखतो. खेळाडूंनी काहीही केले तरी गोष्ट ठरल्या जागी पोहोचू लागली, की त्याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात, आणि हा दोषच मानायला हवा. कोणी ‘सँडबॉक्स’ मांडतो : प्रदेश तयार, वाट खेळाडूंची. गेम मास्टरने आपल्यापुढच्या पडद्याआड, खेळाडूंना न दिसता टाकलेल्या फाशाचा आकडा पात्र वाचवण्यासाठी बदलावा का, हा वाद अजून मिटलेला नाही. तो बदलला की खेळाडूच्या निर्णयाचे वजनच जाते; त्यापेक्षा काय पणाला लागले आहे, हे फासा टाकण्यापूर्वी सांगणे अधिक प्रामाणिक. कोणते विषय डावात नकोत, हेही पहिल्या बैठकीआधी बोलून घेण्याची चाल आता पडली आहे.

सगळ्याच खेळांना गेम मास्टर लागतो असे नाही. जेसन मॉर्निंगस्टारच्या ‘फियास्को’त (२००९) तो नसतो, ज्याची पाळी असेल तो प्रसंग मांडायचा की त्याचा शेवट ठरवायचा, हे निवडतो आणि उरलेले काम बाकीचे मिळून करतात.